१ नोव्हेंबरचा ३१ ऑक्टोबर होऊ नये म्हणून: वेब टाइमलाइनमध्ये टाइम झोन कसे सांभाळावेत

आमच्या बेळगावात १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव, खानापूर, निपाणी हा सगळा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासूनची खदखद घराघरांत आहे. सीमाभागाच्या इतिहासाची टाइमलाइन वेबवर केली तेव्हा मी हीच तारीख सगळ्यात ठळक ठेवली. पान उघडून न्यू जर्सीतल्या आतेभावाचा फोन आला, "अरे, इथं ३१ ऑक्टोबर दिसतंय की!" माझ्या टिळकवाडीतल्या स्क्रीनवर मात्र १ नोव्हेंबरच होता.

कारण साधं निघालं. जावास्क्रिप्टला '१९५६-११-०१' अशी नुसती तारीख दिली, की ती यूटीसीची (जगभर संदर्भ म्हणून धरलेल्या वेळेची) मध्यरात्र धरली जाते. यूटीसीच्या मध्यरात्री आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणून तारीख बदलत नाही. न्यू जर्सीत त्याच वेळी आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ७ वाजलेले असतात. भारत यूटीसीच्या पुढे असल्यामुळे ही चूक बेळगावात बसून कितीही तपासलं तरी दिसत नाही.

उलट्या बाजूची चूक मात्र इथेच गाठते. स्थानिक मध्यरात्रीची तारीख बनवून 'टूआयएसओस्ट्रिंग'ने (हे तारीख यूटीसीत करून मजकूर देतं) तिची पहिली दहा अक्षरं घेतली, तर साडेपाच तास वजा होऊन आदला दिवस हाती येतो. आणि तारखेला वेळ जोडली पण झोन लिहिला नाही, तर ती ब्राउझरच्या स्थानिक वेळेत वाचली जाते. म्हणजे नोंदींच्या एकाच शीटमधल्या दोन ओळी दोन नियमांनी चालतात.

आधी नोंदी वेगळ्या करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोडला हात लावण्याआधी प्रत्येक नोंदीला विचारा: हा दिवस आहे की क्षण?

महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालचं डिसेंबर १९२४चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन हे दिवस आहेत. १ नोव्हेंबर १९५६ हाही दिवस. दिवसाला टाइम झोन नसतो. तो कुठूनही पाहिला तरी तोच राहिला पाहिजे. त्यामुळे वर्ष, महिना, दिवस एवढंच साठवा. जावास्क्रिप्टमधलं तारीख-वेळेचं नवं 'टेम्पोरल' मिळत असेल तर त्यातला 'प्लेनडेट' याच कामाचा आहे. नसेल तर मजकूर म्हणूनच ठेवा, 'डेट' ऑब्जेक्ट करू नका.

१५ ऑगस्ट १९४७ची मध्यरात्र हा क्षण आहे: यूटीसीत १४ ऑगस्ट, १८:३०. न्यू यॉर्कात तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून कास्टिंगचा ट्रक किती वाजता सुटला, हाही क्षणच. असे क्षण यूटीसीत साठवा, सोबत जागेचा झोनही लिहा.

पुढे व्हायच्या गोष्टींचं थोडं निराळं आहे. जर्मनीतल्या ग्राहकाबरोबर सहा महिन्यांनी त्यांच्या सकाळी १०ची मीटिंग असेल, तर '१० वाजता, युरोप/बर्लिन' असंच ठेवा. सरकारं घड्याळाचे नियम बदलतात; यूटीसीत करून ठेवलेली वेळ मग चुकते.

झोनचं नाव लिहा, आकडा नको

'एशिया/कोलकाता', 'अमेरिका/न्यू_यॉर्क' ही आयएएनए या संस्थेच्या टाइम झोनच्या यादीतली नावं वापरा. न्यू यॉर्क हिवाळ्यात यूटीसीच्या ५ तास मागे असतं, उन्हाळ्यात ४. '-५' लिहिलंत तर अर्ध्याहून जास्त वर्ष चुकीचं जाईल. 'आयएसटी' हे लघुरूपही टाळा, आयर्लंड आणि इस्रायलही तेच वापरतात. काही ब्राउझर अजून 'एशिया/कलकत्ता' हे जुनं नाव देतात, तेव्हा नावांची अक्षरं जुळवून निर्णय घेऊ नका.

जुन्या काळात शिरणार असाल तर एक ध्यानात असू द्या. ५:३० ही भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६पासूनची. १८७० ते १९०५च्या दरम्यानच्या घटनेला तास-मिनिटं दिलीत, तर याच झोनमध्ये ५ तास २१ मिनिटं १० सेकंद असा मद्रास वेळेचा फरक लागतो. तो बग नाही. तिथे नुसती तारीख देणंच बरं.

अक्षावरच्या रेघा

डी३ या आलेख काढायच्या लायब्ररीत 'स्केलटाइम' पाहणाऱ्याच्या ब्राउझरची वेळ धरतं, 'स्केलयूटीसी' यूटीसी. दुसरं वापरून लेबलं भारतीय वेळेत छापलीत, तर दिवसाची रेघ पहाटे साडेपाचवर पडते आणि तासांच्या रेघा ६:३०, ७:३० अशा येतात. पूर्ण तासाचा फरक असलेल्या देशात तासांच्या रेघा बरोबर पडतात, आपला अर्धा तास तिथेही चूक उघडी पाडतो.

उपाय असा: क्षणांची जागा यूटीसीवर ठरवा, रेघा स्वतः काढा. तारखा हाताळणाऱ्या लक्सनसारख्या लायब्ररीत झोन लावून दिवसाची सुरुवात काढा, 'एक दिवस' मिळवत जा आणि ती यादी डी३च्या 'टिकव्हॅल्यूज'ला द्या. २४ तास मिळवू नका. १ नोव्हेंबर २०२६ला अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातील. न्यू यॉर्कात तो दिवस २५ तासांचा असेल आणि १ ते २ हा तास दोनदा येईल. दिवस प्रकारची नोंद ठिपका म्हणून काढू नका. त्या दिवसाच्या सुरुवातीपासून दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीपर्यंत पट्टी काढा. झोन बदलला की पट्टी नव्याने मोजा, तारीख तीच राहते.

लेबल आणि बटण

तारीख-वेळ छापणाऱ्या 'इंटल.डेटटाइमफॉरमॅट'ला 'एमआर-आयएन' (भारतातली मराठी) आणि टाइम झोन द्या. आकडे आपसूक देवनागरीत येतात. वेळेशेजारी 'बेळगावची वेळ' किंवा 'तुमची वेळ' असं लिहा, आणि दोन्हींत बदलायला एक बटण ठेवा. इतिहासाच्या टाइमलाइनवर मी हे बटण देत नाही, तिथला अक्ष भारतीय वेळेलाच बांधलेला बरा.

तपासणी

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये 'सेन्सर्स' उघडून ठिकाण बदललं, की टाइम झोनही बदलतो. न्यू यॉर्क, काठमांडू (५:४५) आणि ऑकलंड, तिन्हींत पान उघडा. १ नोव्हेंबर १९५६ तिन्हीकडे तोच दिसला पाहिजे. मग बटण असलेल्या टाइमलाइनवर चाचणीपुरती १५ ऑगस्ट १९४७ची मध्यरात्र घालून 'तुमची वेळ' निवडा; न्यू यॉर्कात १४ ऑगस्ट, दुपारी २:३० आलं, तर क्षणही बरोबर बसला. शेवटी ठिकाण न्यू यॉर्कच ठेवून तीच टाइमलाइन नोव्हेंबर २०२६वर ओढून १ तारखेची पट्टी शेजारच्या दिवसांपेक्षा एक तासाने रुंद आहे का ते मोजा.