टेबल सॉ शिकताना: नजर पात्याच्या पाठीवर

टेबल सॉवर, म्हणजे टेबलाच्या फटीतून फिरतं गोल पातं वर आलेल्या करवतीवर, हात बसायला लागला होता, तेव्हाची गोष्ट. चारेक महिने झाले असतील. दीड फूट बाय दीड फूट प्लायच्या तुकड्याची एका बाजूची चार बोटं कापून टाकायची होती. मिनिटभराचंही काम नाही. काप अर्ध्याच्या पुढे गेला आणि तुकडा हाताखाली नव्हताच. ‘निसटला’ म्हणावं तर निसटताना काहीतरी जाणवतं. मला फक्त धाडकन आवाज आला, कमरेच्या वर जोरात फटका बसला आणि मी दोन पावलं मागे होते. उजवा हात तुकड्यावर टेकलेला होता. तो तुकड्याबरोबर ओढला जाऊन पात्यापासून वीतभर अंतरावर आला होता. फटक्याचा काळानिळा डाग दोन आठवड्यांत गेला. ते वीतभर अंतर मात्र अजून डोळ्यांपुढे येतं.

मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी बटण बंद केलं, पातं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली आणि प्लाय उलटा करून माझ्यासमोर धरला. खालच्या बाजूला सरळ कापापासून निघालेला एक चंद्रकोरीसारखा ओरखडा होता, कडेकडे वळत गेलेला.

“हे कुठल्या दातांनी केलं, सांग.”

“पुढच्या.”

“पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात गं. उचलतं कोण?”

माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं. नवीन माणूस पात्याच्या पुढच्या बाजूकडे टक लावून बघतो, कारण कापणं तिथे दिसतं. पण पातं फिरतं तेव्हा पुढचे दात खाली जातात आणि मागचे दात टेबलातून वर येऊन तुमच्याच दिशेने वळतात. लाकूड या मागच्या दातांना टेकलं की ते आधी उचललं जातं आणि मग तुमच्या अंगावर फेकलं जातं. यालाच किकबॅक म्हणतात. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. काही चुकतंय हे कळून हात मागे घ्यायला आपल्याला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्या वेळात दहाएक मीटर दात लाकडावरून गेलेले असतात. म्हणून ‘सावध राहा, काही झालं की हात काढून घे’ असं कोणी सांगितलं, तर मान डोलवा आणि त्यावर विसंबू नका.

तर प्रश्न असा, की लाकूड मागच्या दातांना टेकतंच का? माझ्या बाबतीत उत्तर सोपं होतं. फेन्स म्हणजे पात्याला समांतर बसवलेला कठडा, लाकूड त्याला टेकवून पुढे ढकलायचं. तुकडा जवळजवळ चौकोनी, म्हणजे फेन्सला टेकायला लांबी कमी. ढकलताना तो किंचित फिरला, मागचा कोपरा फेन्सपासून सुटला आणि पात्याच्या पाठीवर चढला. फेन्सला लागणारी कड लांब आणि पातं ते फेन्स अंतर त्याहून कमी, असंच लाकूड आता मी फेन्सला लावून कापते. बाकीचं क्रॉसकट स्लेडवर, म्हणजे लाकडासकट टेबलावरून सरकणाऱ्या पाटावर.

दुसरं कारण फेन्स तिरका असणं. मागच्या टोकाला तो पात्याकडे झुकलेला असेल, तर लाकूड पुढे सरकताना चिमटीत सापडतं. तपासायला महागडं काही लागत नाही. मशीनचा प्लग काढा, पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करा, तो दात पुढे आणा आणि माइटरच्या खाचेपासून (टेबलावरची पात्याला समांतर सरळ खाच) त्याचं अंतर मोजा. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा मोजा. दोन्ही अंतरं सारखी आली, की फेन्सही त्याच खाचेशी जुळवून घ्या. तोच दात दोन्हीकडे वापरायचा, कारण पातं स्वतः किंचित वाकडं असू शकतं. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी दोन वेगळे दात मोजून उगाच अर्धा दिवस फेन्सशी झटत बसले होते.

तिसरं कारण खुद्द लाकूड. घन लाकडात आतला ताण असतो. उभा काप घेताना काही फळ्या कापाच्या मागे मिटत येतात आणि पात्याला आवळतात. हे फळीकडे बघून नेहमी ओळखता येत नाही. यावर उपाय म्हणजे रायव्हिंग नाइफ: पात्याच्या लगेच मागे उभी राहणारी आणि पात्याबरोबरच वरखाली होणारी पोलादी पट्टी. ती कापाच्या रुंदीपेक्षा किंचित पातळ असते, कापात शिरून फळी मिटू देत नाही आणि तुकडा मागच्या दातांवर सरकूही देत नाही. एकच सुरक्षा साधन निवडायची वेळ आली, तर मी डोळे झाकून हेच निवडेन. बोट लागताच काही मिलिसेकंदांत पातं थांबवणारी यंत्रं आली आहेत आणि ती उत्तमच आहेत. पण त्यांना कातडी कळते, उडणारी फळी कळत नाही.

माइटर गेज (त्या खाचेत सरकणारा, लाकूड आडवं धरणारा टेकू) आणि फेन्स एकत्र लावून आडवा काप घेऊ नका. सुटलेला तुकडा पातं आणि फेन्सच्या मध्ये अडकतो आणि गोळीसारखा येतो. एकसारख्या मापाचे तुकडे हवे असतील, तर फेन्सच्या तुमच्याकडच्या टोकाला ठोकळा क्लॅम्प करा. माप त्यावर घ्यायचं. काप सुरू होईपर्यंत लाकूड ठोकळ्याच्या पुढे गेलेलं असतं.

पात्याच्या उंचीवरून मात्र मतभेद आहेत. काही जण दात जेमतेम बाहेर ठेवायला सांगतात, म्हणजे बोट गेलंच तर जखम उथळ. पण पातं खाली असलं की दातांचा जोर लाकडाला तुमच्याकडे ढकलतो. उंच असलं की तो खाली दाबतो. दातांमधल्या खाचा लाकडाच्या जरा वर दिसतील एवढं पातं मी ठेवते, म्हणजे भुसाही नीट बाहेर पडतो.

उभं राहायचं ते पात्याच्या रेषेतून बाजूला. ढकलायला नुसत्या काठीपेक्षा बुटासारखा पुश ब्लॉक बरा, कारण काठी फक्त पुढे ढकलते, ब्लॉक लाकडाला खालीही दाबून धरतो. चष्मा आणि कानाचे मफ हवेतच. हातमोजे नकोत, पातं त्यांना आत ओढतं. कापलेले बारके तुकडे पातं थांबल्याशिवाय उचलायचे नाहीत.

आता राहिला त्या दिवशीचा एक तपशील. त्या मशीनची रायव्हिंग नाइफची पट्टी पात्यापेक्षा उंच होती, त्यामुळे आरपार न जाणारी खाच मारायची तर ती काढावीच लागे. सकाळी मी खाचा मारल्या होत्या. पट्टी काढून शेजारच्या फळीवर ठेवली आणि दुपारी प्लाय कापायला घेतला तेव्हा ती तिथेच होती. आता पट्टी काढली की मी ती दोरीने बटणावरच टांगते. मशीन सुरू करायचं तर आधी ती हातात घ्यावी लागते.