लोड बॅलन्सर लावला तरी साइट बसायलीय? या चुका टाळा

दिवाळीच्या आठवड्यात शहापुरातल्या एका मिठाईच्या दुकानाची कुंद्याची ऑर्डर साइट सारखी बसायली होती. मालकांचं एकच पालुपद, "अजून एक सर्व्हर घाला की ओ, पैसे देतो." घातले. एकाचे तीन झाले, पुढं येणारी गर्दी तिघांत वाटून द्यायला एनजिनएक्स हा लोड बॅलन्सर उभा केला, आणि साइट पहिल्यापेक्षा हळू!

झालं असं की तिन्ही सर्व्हर मागं एकाच मायएसक्यूएल डेटाबेसवर जाऊन पडत होते, त्याची कनेक्शनची मर्यादा डीफॉल्ट 151, आणि मी शहाण्यानं प्रत्येक सर्व्हरवर पीएचपीचे 80 वर्कर (एका वेळी एकेक रिक्वेस्ट हाताळणारे) ठेवलेले, म्हणजे गर्दीला 240 जण एकदम दारात. काउंटर तीन केले पण आत कढई एकच, दुसरं काय होणार. डेटाबेसला जड जाणाऱ्या शोधांची नोंद, म्हणजे स्लो क्वेरी लॉग, उघडला तर ऑर्डरच्या टेबलात मोबाइल नंबरच्या कॉलमला इंडेक्सच (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधायची सोय) नाही. तो घातला, वर्कर 40 वर आणले, निम्मं दुखणं तिथंच गेलं. सर्व्हर वाढवायच्या आधी हे बघायचं होतं, मी नंतर बघितलं.

मग फोन सुरू झाले, कार्टमधला माल गायब होतोय म्हणून. एनजिनएक्सची नेहमीची राउंड रॉबिन पद्धत एकेक रिक्वेस्ट आळीपाळीनं पाठवते आणि सेशनच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कार्टची वगैरे आठवण ठेवणाऱ्या फायली ज्या त्या सर्व्हरच्या डिस्कवर, मग दुसऱ्याला काय कळणार. घाईत आयपी हॅश लावला, म्हणजे गिऱ्हाइकाच्या इंटरनेट पत्त्यावरून (आयपी) त्याचा सर्व्हर ठरवायचा, ही त्याहून मोठी चूक. आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीचा, चार भागांचा पत्ता) असेल तर तो पत्त्याचे पहिले तीनच भाग बघतो, आणि मोबाइल नेटवर्कवर शेकडो लोक एकाच पत्त्यामागं असतात, त्यामुळं एक सर्व्हर घाम गाळतोय आणि बाकीचे दोघे कट्ट्यावर बसल्यागत. सेशन रेडिसमध्ये, म्हणजे तिघांनाही वाचता येईल अशा एका सामाईक साठ्यात ठेवा, विषय संपला.

फुकटचा एनजिनएक्स स्वतःहून सर्व्हरची तब्येत विचारत नाही हेही लक्षात ठेवा. गिऱ्हाइकाची रिक्वेस्ट फसली की मगच त्याला कळतं, मग तो सर्व्हर 10 सेकंद बाजूला. पण कनेक्ट टाइमआउट, म्हणजे सर्व्हरशी जोडणी व्हायची वाट बघायची वेळ, डीफॉल्ट 60 सेकंद आहे, मशीन पार मेलं असेल तर तेवढा वेळ माणूस गोल फिरणारं चक्र बघत बसणार. मी 2 सेकंद ठेवतो. रीड टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची वेळ, मात्र असा डोळे झाकून कमी करू नका, पेमेंट मधेच तुटतं. आणि पोस्ट रिक्वेस्ट (ऑर्डर वगैरे माहिती पाठवणारी) एकदा सर्व्हरला गेली की फसली तरी एनजिनएक्स ती दुसऱ्याकडं पाठवत नाही, ते मुद्दाम आहे, तसंच राहू दे, नाहीतर दोन किलोच्या ऑर्डरीचे चार किलो होतात.

बॅलन्सर दाखवतो त्या 502 आणि 504 या एररना एकच औषध, रिस्टार्ट, असं करणारे लई बघितलेत. 502 ला बहुतेक वेळा मागचा पीएचपी मेलेला असतो नाहीतर मधेच कनेक्शन तोडतो. 504 ला तो जिवंत आहे पण वेळेत उत्तर देईना, तिथं क्वेरी बघा.

शेवटची तर माझ्या कपाळाची. मागच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळ्यांचा आयपी बॅलन्सरचाच दिसत होता, खरा आयपी हेडरमधून (रिक्वेस्टसोबत येणाऱ्या माहितीतून) घ्यायची सेटिंग मी केलीच नव्हती. त्रास देणारे आयपी आपोआप ब्लॉक करणाऱ्या फेलटूबॅनला वाटलं एकच माणूस इतका त्रास देतोय, त्यानं बॅलन्सरलाच ब्लॉक केलं. तिन्ही सर्व्हरचा लोड शून्य, मी खूश, तेवढ्यात मालकांचा फोन, "अहो, आता हळू नाही ओ, बंदच हाय."