जुन्या गाडीत पाणी येतंय? भोक बुजवण्याआधी या चुका टाळा

पावसाळ्यात जुन्या गाडीचं दार उघडलं की आधी वास येतो. कुबट, भिजलेल्या गोणपाटासारखा. मॅट उचलून पाहिली तर खाली कोरडं, कारण सीटकव्हरवाल्याने कार्पेटवर लॅमिनेशन मारलेलं असतं. त्याची कड उचकटून बोट आत घातलं की मग कळतं, खालचा फोम पाणी पिऊन बसलाय.

माझ्या २००९ च्या हॅचबॅकमध्ये शेजारच्या सीटच्या पायाशी असंच पाणी साठायचं. एका मिस्त्रीने पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन फिरवलं. दुसऱ्याने दाराचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बदलली. पैसे दोन्हीकडे गेले आणि पाणी जागच्या जागी राहिलं. शेवटी वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढली, तर आत मूठभर गुलमोहोर!

तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली. गाडी म्हणजे हवाबंद डबा नव्हे. काचेवरून ओघळणारं पाणी जाळीखालच्या पन्हळीत जातं, खिडकीच्या फटीतून दाराच्या पोकळीत जातं, आणि ठरलेल्या वाटेने खाली पडतं. जुन्या गाडीत बऱ्याचदा नवं भोक पडलेलं नसतं, ही जुनी वाट तुंबलेली असते. आपण मात्र सिलिकॉनची नळी घेऊन भोक शोधत बसतो.

पाणी कसलं आहे हे न बघणं

सुरुवात इथून करायची. पाऊस नसताना, एसी लावून लांबचा प्रवास केल्यावर पायाशी ओल आली, तर ते पावसाचं पाणी नाही. एसीच्या कॉइलवर हवेतला दमटपणा थंड होऊन जमतो आणि एका छोट्या नळीतून गाडीखाली ठिबकतो. मुंबईत किंवा कोकणात एसी चालू ठेवून गाडी थोडा वेळ उभी केली आणि खाली थेंबही पडला नाही, तर नळी तुंबली असं समजायला हरकत नाही. धूळ, शेवाळं, पानांचा चुरा आणि महिनाभर न हललेल्या गाडीत चक्क कुंभारीण माशीचं मातीचं घर, यातलं काहीही आत सापडू शकतं. खालून मऊ, बारीक नळी हलक्या हाताने फिरवायची. कडक तार खुपसू नका, आत कॉइल आहे. कॉम्प्रेसरची पूर्ण हवाही मारू नका, नळी आतल्या बाजूने निसटली की डॅशबोर्ड खोलायची वेळ येते.

ओल चिकट लागतेय, गोडसर वास येतोय, काचेवर आतून तेलकट धुकं धरतंय आणि बोनेटखालच्या बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी होतंय? मग हीटरची कॉइल गळतेय. हे घरी करायचं काम नाही. कूलंट कमी असताना गाडी दामटली तर इंजिन तापून मोठा खर्च निघतो.

ओल दिसते तिथेच भोक समजणं

पाणी छताच्या शिवणीतून शिरतं, खांबाच्या आतून उतरतं आणि मागच्या सीटखाली जाऊन थांबतं. उतारावर उभ्या गाडीत ते आणखी भलतीकडे जातं. म्हणून आधी फोम पूर्ण कोरडा करा, मग शोधा. फ्लोअरवर वर्तमानपत्र पसरायचं, संशयाच्या जागी आंघोळीनंतरची टाल्कम पावडर भुरभुरायची. पाण्याचा ओघळ पावडरीत स्पष्ट उमटतो. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपने पाणी सोडायचं. खालून सुरुवात करायची आणि एकेका भागाला पाचेक मिनिटं देत वर सरकायचं. थेट टपावर पाणी ओतलं की सगळंच एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप तर नकोच. तो चांगल्या बीडिंगमधूनही पाणी आत घुसवतो आणि नसलेली गळती दाखवतो.

जाळीखाली न डोकावणं

गुलमोहोराची पानं इतकी बारीक की ती जाळीतून सहज आत पडतात. चिंचेचंही तेच. ती आत कुजतात, त्यांचा काळा गाळ होतो आणि पन्हळीच्या टोकाची भोकं बंद होतात. मग जोराच्या पावसात पाणी तुंबून ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून आत येतं आणि पायाशी पडतं. एसीची नळी तुंबल्यावरही बऱ्याच गाड्यांत पाणी याच जागी येतं, म्हणून दोन्हींत गल्लत होते. गाडी नुसती पावसात उभी असताना ओल आली, तर आधी इथे बघा. वायपरचे हात काढून जाळी सुटते, पण जुन्या प्लास्टिकचे क्लिप कटकन तुटतात, चार-सहा नवे आधीच आणून ठेवा. गाळ हाताने उचला. पाण्याने ढकलला तर तो पुढे जाऊन पक्का बसतो.

सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्याही याच जातीच्या.

स्पीकर बसवताना दाराचं प्लास्टिक फाडणं

दाराच्या पॅडमागे एक प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट पट्टीने लावलेला असतो. बघायला टाकाऊ वाटतो, पण दाराच्या पोकळीतलं पाणी केबिनमध्ये येऊ न देणं हे त्याचंच काम. स्पीकर लावणारा किंवा काचेची मशीन दुरुस्त करणारा तो ब्लेडने कापतो आणि तसाच सोडतो. जाड प्लास्टिकचा नवा पडदा कापून, ब्यूटाइल टेपने, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टीने, सलग चिकटवा. सेलोटेप दोन पावसांत सुटते. त्याच वेळी दाराच्या खालच्या कडेची भोकं तपासा. अंडरबॉडी कोटिंग मारताना ती काळ्या थराने बुजलेली मी पाहिली आहेत. दार जोरात लावल्यावर आतून डबडब आवाज आला, तर ती बंद आहेत.

दिसेल तिथे सिलिकॉन, आणि वर फ्लोअरला भोक

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज लावतं, आणि एकदा ते बसलं की त्यावर दुसरं काही नीट धरत नाही. एम-सील कडक होतं, गाडीचा पत्रा हलतो, मग चीर पडते. चिकटवलेल्या काचेची कड खरंच गळत असेल तर काचवाल्याकडून काच काढून, खालचा गंज घासून, काच चिकटवायच्या पॉलियुरेथेनवर पुन्हा बसवून घ्या. ओम्नीसारख्या जुन्या गाड्यांची काच रबरात बसते, तिथे रबर कडक झालं असेल तर रबरच बदलायचं. डिकीत स्टेपनीखाली पाणी असेल तर टेललाइटमागचं गॅस्केट आधी बघा.

पाणी निघून जावं म्हणून फ्लोअरला ड्रिल मारायचा सल्लाही मिळेल. नको. कार्पेटखाली रबरी बुचं आधीपासून असतात. एक काढा, पाणी सोडा, परत घट्ट बसवा. गाडी उभी असताना कोरडी आणि डबक्यांतून गेल्यावर ओली होत असेल, तर बहुधा यातलंच एखादं बुच गळून पडलेलं असतं.

वरून पुसून परफ्यूम लावणं

फोम वरून वाळत नाही. कार्पेट उचलावंच लागतं आणि नीट उचलायचं तर सीट काढावी लागते. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅग किंवा सीटबेल्टचे असू शकतात. बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नका, खात्री नसेल तर वायरमनकडे जा. ऑगस्टात उन्हाची वाट बघण्यात अर्थ नाही. कार्पेटखाली दोन विटा सरकवून टेबलफॅन लावा, दोन-तीन दिवस चालू द्या. तोवर पत्र्यावरचा गंज घासून प्रायमर मारून होतो.

लॅमिनेशन परत मारू नका. माझं तेव्हा काढलं ते अजून माळ्यावर गुंडाळून पडलंय. आता खाली साधी रबरी मॅट आहे, दर रविवारी उचलून हात फिरवता येतो.