सांकेतिक भाषेतील कथा चित्रित करण्यापूर्वीची तयारी

सांकेतिक भाषेत सांगितलेली कथा कॅमेऱ्यावर घ्यायची असेल, तर बहुतेक निर्णय चित्रीकरणाच्या दिवसाआधीच झालेले असावेत. चौकटीबाहेर गेलेली खूण प्रेक्षकापुरती उच्चारलीच गेलेली नसते आणि संकलनात ती परत आणता येत नाही.

पहिले काम संहितेचे. कथा कागदावर लिहून तिच्यावर खुणा बसवू नयेत. बधिर कथनकाराने ती थेट स्वतःच्या भाषेत सांगावी आणि त्या सांगण्याची कच्ची ध्वनिचित्रफीत हीच संहिता मानावी. लिखित वाक्यांवरून निघालेली कथा त्या वाक्यांच्याच क्रमाने चालते; मग हाताच्या आकारातून धावती गाडी किंवा उडणारा पक्षी उभा करणे, खांदे आणि नजर किंचित वळवून एका पात्रातून दुसऱ्या पात्रात शिरणे, ही या भाषेची खरी ताकद तिच्यात उरत नाही. याच चित्रफितीवरून कोणते पात्र डावीकडे, कोणते उजवीकडे, घर कुठे, वाट कुठे, याचा साधा नकाशा काढावा. एकदा जागा ठरली की पुढे त्या दिशेला नुसते पाहिले तरी कोणाविषयी सांगणे चालले आहे ते कळते. म्हणून मधेच कॅमेऱ्याची बाजू बदलणे किंवा संकलनात चित्र आरशासारखे उलटवणे टाळावे.

चौकट डोक्याच्या थोडी वरपासून कमरेच्या खालपर्यंत आणि दोन्ही बाजूंना हात पूर्ण पसरतील इतकी मोकळी ठेवावी. हे कथनकाराला सर्वांत मोठी खूण करायला सांगून आधीच तपासावे. केवळ चेहरा दाखवणारे जवळचे दृश्य किंवा खांद्यामागून घेतलेला संवाद ऐकू येणाऱ्या दिग्दर्शकांना फार आवडतो. येथे मात्र तो बोलणाऱ्याचे वाक्य अर्ध्यावर तोडतो. अशी दृश्ये हवीच असतील तर ती हात थांबलेले असतानाच्या क्षणांसाठी राखून ठेवावीत, आणि कटही तिथेच घ्यावा.

कपडे एकरंगी, त्वचेच्या रंगापासून स्पष्ट वेगळे असावेत. पार्श्वभूमीही शांत असावी. प्रकाश समोरून, दोन्ही बाजूंनी द्यावा, म्हणजे बोटांची सावली चेहऱ्यावर पडत नाही. भुवया आणि ओठ व्याकरणाचे काम करतात, त्यामुळे चेहरा अंधारात गेला तर प्रश्न आणि विधान यांतील फरकही पुसला जाऊ शकतो. वेगवान खुणा धूसर होऊ नयेत म्हणून सेकंदाला ५० किंवा ६० चित्रे (फ्रेम) आणि जलद शटर वापरून चाचणी घ्यावी.

चित्रीकरणस्थळी सूचना ओरडून देण्यात अर्थ नाही. दिवा लुकलुकवणे किंवा हात हलवणे यांपैकी एक खूण आधी ठरवावी. दुभाषी असला तरी त्याची जागा कथनकाराच्या नजरेच्या रेषेत नसावी. त्या रेषेत, भिंगाच्या अगदी शेजारी, एका बधिर श्रोत्याला बसवावे. निर्जीव काचेला सांगितलेली कथा बहुधा निर्जीवच होते. चेहरा झाकून ही भाषा बोलता येत नसल्याने नाव गुप्त ठेवण्याची हमी फारशी कामाची नसते, म्हणून चित्रफीत कुठे आणि किती काळ दाखवली जाईल याची संमती आधी, आणि सांकेतिक भाषेतच, घ्यावी.

मूळ फाइल दोन ठिकाणी जपावी. बधिरांच्या शिक्षणावरील १८८० च्या मिलान परिषदेने शिक्षणात तोंडी बोलण्याला प्राधान्य दिल्यानंतर शाळांतून सांकेतिक भाषा हटू लागली, तेव्हा अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ या बधिरांच्या संघटनेने निधी उभारून निष्णात कथनकारांच्या फिल्म केल्या, आणि १९१३ सालचे जॉर्ज वेडिट्झ यांचे सांकेतिक भाषेतील भाषण आजही पाहता येते ते त्यामुळेच.

उपशीर्षकांसाठी चौकटीत खाली जागा सोडावी आणि ती हातांवर येऊ देऊ नयेत. मात्र पहिले संकलन उपशीर्षकांविना, कथा ठाऊक नसलेल्या बधिर प्रेक्षकांना दाखवावे, त्यांना ती परत सांगायला लावावी, आणि जिथे त्यांचे हात अडखळतील ते दृश्य पुन्हा संकलित करावे.