पणजीच्या वेळा

मागच्या फेब्रुवारीत सांगलीहून माझी भाची आणि तिचा नवरा गोव्यात आले. उतरले उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावर, कारण बुकिंग तिथलंच मिळालं. शुक्रवारी दुपारी एकला तिचा फोन, "आत्या, आम्हाला पोलिसांनी अडवलंय." भाड्याने घेतलेल्या स्कूटरची पाटी पांढरी होती. गोव्यात भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कुणाचीतरी खाजगी, ती भाड्याने देणंघेणं बेकायदा. दंड या दोघांनी भरला, आणि गाडीवाल्याने अनामत रक्कमही परत दिली नाही. आवाज रडवेला झाला होता पोरीचा. मी म्हटलं, सामान उचला, बस धरा आणि पणजीला या. शनिवार-रविवार माझ्याकडे राहा.

मी पणजीतल्या मळा नावाच्या जुन्या वस्तीत राहते. मागे आल्तिनोची टेकडी, पुढे ओरेंची खाडी, मध्ये आमच्या गल्ल्या. जन्म इथलाच. त्या दोघांना जसं फिरवलं तसंच इथे लिहिते आहे, कारण पाहुणे पणजीत येतात आणि "इथे काही नाही" म्हणून तासाभरात पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं. पणजी लहान आहे, बरीचशी पायी होते. पण तिच्या वेळा आहेत. पोदेराची वेळ, बाजाराची, झोपेची, फेरीबोटीची. त्या सांभाळल्या की शहर तुमच्याशी बोलतं.

सकाळी सहाच्या पुढेमागे गल्लीत रबरी भोंग्याचा पों-पों ऐकू येतो. हा पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलच्या मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आत गोणपाटाखाली गरम पाव. शनिवारी मी भाचीला उठवून पैसे हातात दिले आणि खाली पाठवलं. "पोई मागायची, मऊ पावाच्या नादाला लागू नको." पोई गव्हाच्या पिठाची, बाहेरून कोंडा लावलेली, आत पोकळ. भट्टीतून नुकती आलेली असेल तर बोट लावल्यावर फुगा दबल्यासारखी दबते आणि आतून वाफ येते. कोंडा बोटांना चिकटतो, तो झटकायचा नाही, चव त्यातच आहे. उंडो गोल आणि कडक सालीचा, तो पातळ भाजीत बुडवायला बरा. माझ्या आजीच्या वेळेस पीठ माडाच्या सुरेने फुगवत, त्याला किंचित आंबूस वास असायचा. आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं. तरी पोई पोईच. हॉटेलात उतरला असाल तरी सकाळी रस्त्यावर उभे राहा, भोंगा ऐकू येईल. पोदेर संध्याकाळीही येतो.

नाश्त्याला मात्र बाहेर पडा. कॅफे भोसले, कॅफे ताटो ही जुनी नावं आहेत. टेबलावर अनोळखी माणूस समोर येऊन बसला तर दचकू नका, इथे तसंच बसतात. "मिक्स भाजी" मागा: सुकी बटाट्याची आणि पातळ वाटाण्याची एकाच बशीत. सोबत पाव, एक मिरचीचं भजं, आणि केळ्याचा बन असेल तर तोही घ्या. नऊनंतर गेलात तर बन संपलेले असतात.

तिथून थेट बाजारात. तुम्हाला मासे शिजवायचे नसले तरी जा, कारण दुपारी ताटात काय येणार ते सकाळी बाजारात कळतं. मासळीवाल्या बायका ओळीने बसतात. भाचीने बांगड्याचा भाव विचारला, तर एका बाईने बांगडा उचलला, अंगठ्याने कल्ला वर केला आणि म्हणाली, "पळय गो बाय," म्हणजे बघ गं बाई. आत लालभडक. कल्ला तपकिरी पडला असेल, डोळा खोल गेला असेल, तर पुढे चालायचं. घासाघीस करा, पण हसत करा. उन्हातान्हात बसून त्या घर चालवतात. सुकी सोलं इथूनच घ्या, म्हणजे आमसुलं. बोटांनी दाबल्यावर मऊ लागतील तीच.

पावसाळ्यात येणार असाल तर एक लक्षात ठेवा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा मोठा इसवण, म्हणजे सुरमई, मागू नका. खाडीतलं, नदीतलं जे मिळेल ते खा, नाहीतर सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, खा. आम्ही तेच खातो.

जेवण एकच्या आत. बाजाराच्या आसपास आणि जुन्या गल्ल्यांमध्ये साध्या खानावळी आहेत. जिथे बँकेतले कारकून आणि दुकानदार रांगेत उभे दिसतील तिथे शिरा. ताटात उकड्या तांदळाचा भात, कढी, तळलेला तुकडा, किसमूर, सोलकढी. बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाची आमटी, असेल तर त्यात तिरफळं असतील. ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. जावयाने पहिलंच चावलं आणि जीभ बधिर करून घेतली. शाकाहारी असाल तर मूगागाठी (मोड आलेल्या मुगाची नारळाची उसळ) किंवा खतखतं विचारा. खतखत्यात कितीतरी कंद आणि भाज्या एकत्र शिजतात, वर तिरफळाचाच वास. मला विचाराल तर माशापेक्षा तेच मनात राहतं.

एक ते साडेतीन पणजी झोपते. बरीच दुकानं दार ओढून घेतात. पाहुणे चिडतात, आणि मला ते समजतं, पण ही झोप काढूनच संध्याकाळी सगळं शहर ताजं होतं. तुम्हीही पडा. पडवत नसेल तर पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसा. हे ग्रंथालय 1832 सालचं, आणि आज त्याला कृष्णदास शामाचं नाव आहे, ज्याने 1526 मध्ये श्रीकृष्णचरित्र लिहायला घेतलं. मराठी वाचकाने तिथे एकदा तरी डोकावावं.

साडेतीनला धक्क्यावर या. मांडवीत रोषणाईच्या बोटी फिरतात, गाणी लावून, तिकीट घेऊन. मी कुणाला तिथे पाठवत नाही. त्याऐवजी नदीपलीकडच्या बेतीची फेरीबोट घ्या. पायी माणसाला तिकीट नाही. दुचाक्या, शाळेची मुलं, पिशव्या सांभाळणाऱ्या बायका, सगळे उभ्याने पलीकडे जातात. पाच-दहा मिनिटांचा प्रवास, पण नदी त्यातच कळते. पलीकडून रेइश मागुशच्या किल्ल्यापर्यंत बस मिळते किंवा पायलट करा. पायलट म्हणजे मोटरसायकलवरची टॅक्सी, पुढचं मडगार्ड पिवळं असतं. बसण्याआधी पैसे ठरवा. मी लहानपणापासून पायलटच्या मागे बसत आले आहे, बाईमाणसाने घाबरण्यासारखं काही नाही.

किल्ला पोर्तुगीजांनी 1551 मध्ये उभारला. त्याआधी तिथे आदिलशाहीची चौकी होती. 1993 पर्यंत आत तुरुंग होता, पुढे डागडुजी होऊन तो लोकांना खुला झाला. आत गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांची चित्रं आहेत. ती आधी बघा आणि मग तटावर जा, म्हणजे खाली दिसणारी माणसं ओळखीची वाटतील. नदी इथे अरुंद आहे, समोर अख्खी पणजी दिसते. सोमवारी किल्ला बंद असतो आणि पाचच्या सुमारास दार लावतात, म्हणून दुपारची झोप लांबवू नका. परतीची फेरी दिवे लागताना धरा.

रात्री गाड्यावर रस ऑम्लेट. ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा, गरम रस्सा, वर कांदा, लिंबू, सोबत पाव. झालं जेवण.

रविवारी सातलाच फोंतेन्यास, आमच्या शेजारची जुनी वस्ती. उशिरा नको, आणि कारण सांगते. ही आमच्या शेजाऱ्यांची घरं आहेत. निळ्या-पिवळ्या भिंती, शिंपल्यांची तावदानं, छोटे सज्जे, सगळं सुंदर आहे, पण आत कुणीतरी आजारी आजी झोपलेली असते. दहानंतर कपडे बदलून फोटो काढणाऱ्यांची रांग लागते, लोक दुसऱ्याच्या पायरीवर बसतात, खिडकीतून आत कॅमेरा घालतात. माझी एक मैत्रीण आता पुढचं दार उघडतच नाही. तुम्ही हळू चाला, फोटो रस्त्यावरूनच घ्या, आणि कोणी सज्जात दिसलं तर "देव बरो दीस दिवं" म्हणा. दार आपोआप उघडतं. सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपल उघडं असेल तर आतला क्रूस जरूर बघा. तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. त्यातल्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ. भाची त्याच्यासमोर बराच वेळ गप्प उभी राहिली.

तिथून पायऱ्या चढून मारुतीगडावर. लाल-भगवं देऊळ, खाली आमची कौलं. आमच्या मारुतीची जत्रा भरते तेव्हा टेकडी दिव्यांनी पेटलेली असते, आणि मळ्यातल्या लेकी माहेरी येतात.

आता या दोन दिवसांतली माझी सगळ्यात लाडकी वाट. तिला वाहन लागतं, तेही काळ्या पाटीचं. परवाना जवळ ठेवा आणि हेल्मेट दोघांनाही घ्या. मी माझ्या स्कूटरवर पुढे, ती दोघं मागे. रायबंदरचा जुना बांध ओलांडायचा; पोर्तुगीजांनी तो 1633-34 मध्ये बांधला, आणि आजही त्यावरून आम्ही रोज जातो. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरांची सपाट जमीन. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत रविवारी सकाळी मीसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असते, म्हणून बघायला अकराच्या सुमारास जा आणि खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. मग व्हाईसरॉयच्या कमानीखालून उतरून दिवाडीची फेरीबोट.

दिवाडी हे नदीतलं बेट. शेतं, बगळे, बंद घरं, उघड्या ओसऱ्या. बेट आडवं ओलांडलं की पलीकडे आणखी एक फेरी मिळते, नार्व्याची. नार्व्यात सप्तकोटीश्वर. कदंब राजांचं हे दैवत. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, ते मोडलं गेलं तेव्हा लोकांनी लिंग नदीपार आणलं. आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. सांगलीची पोरं, शाळेत महाराज शिकलेली, पण गोव्यात महाराजांचा असा ठसा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. जावयाने चपला काढल्या आणि लेखाखाली उभं राहून एकेक अक्षर लावत बसला. मी घाई केली नाही. देऊळ बुटकं, कौलारू, समोर दीपमाळ, मागे झाडी. इतकी शांतता की घंटा वाजवताना हात आपोआप हलका होतो.

संध्याकाळी मिरामार. वाळू ओली आणि रुंद हवी असेल तर सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ कुणाही स्थानिकाला विचारा. पण पोहू नका. इथे मांडवी समुद्राला मिळते, ओढ दिसत नाही पण असते. लाल बावटा दिसला तर गुडघाभरही जाऊ नका. किनाऱ्यावर दारू पिण्याला दंड आहे, आणि फुटक्या बाटलीने पाय कापलेलं पोर मी स्वतः दवाखान्यात नेलेलं आहे. जवळच भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे, गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांची. सूर्य बुडाल्यावर चालत कांपालला या आणि कला अकादमीच्या फलकावर बघा. मराठी नाटक, तियात्र (कोंकणी संगीतनाट्य), गाण्याची बैठक, काहीतरी असतंच. सकाळीच वर्तमानपत्रातली 'आजचे कार्यक्रम' ही चौकट वाचून ठेवलीत तर बरं. आम्हा गोव्यातल्या लोकांचं मराठी बरंचसं देवळांच्या उत्सवांतल्या नाटकांनी टिकवलं. प्रेक्षकांत बसलात तर ते तुम्हाला शेजारच्या माणसाच्या ओठांवर दिसेल, पुढचं वाक्य तो आधीच म्हणत असतो.

रात्रीची बस पाटोहून सुटते. निघताना मी भाचीला संध्याकाळच्या पोदेराकडच्या सहा पोया बांधून दिल्या, सोबत आल्या-गुळाचं खाजं आणि सोलं. पोई प्लास्टिकात घट्ट बांधायची नाही, घामेजते. कापडात गुंडाळायची, आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकायची, मधूनमधून फडक्याने दाबत, पोटात वाफ धरेपर्यंत.