जुन्या गाडीला डिस्क बदलताय? आधी उष्णतेचा हिशोब समजून घ्या

माझी गाडी २००९ ची पेट्रोल स्विफ्ट, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात), मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. तीन वर्षांपूर्वी कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात गाडीत आम्ही चौघं, डिकी गच्च भरलेली, आणि मी तिसऱ्या गिअरवर ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. अर्ध्या घाटात जळका उग्र वास यायला लागला आणि पुढच्या वळणाआधी पेडल दाबलं तर पेडल एकदम कडक, पण गाडी काही धरेना. दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी कडेला घेतली. आई मागच्या सीटवर होती, तिला काही बोललो नाही, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. त्या दिवसापासून ब्रेक या विषयात मी जे शिकलोय ते सगळं इथे लिहितोय, कारण आपल्याकडे पंधरा वर्षं जुनी गाडी एक्स्प्रेसवेवर शंभरने पळवणारे खूप जण आहेत आणि ब्रेकचं काम मात्र "आवाज आला की बघू" यावर चालू असतं.

पहिली गोष्ट, नवीन डिस्क टाकली म्हणून गाडी पहिल्याच ब्रेकला कमी अंतरात थांबेल असं नाही. जोरात दाबल्यावर चाक लॉक होतंय किंवा एबीएस खडखडतंय म्हणजे ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे, तिथून पुढे थांबणं टायरच्या हातात. सहा-सात वर्षांचे कडक झालेले टायर असतील तर आधी ते बदला, डिस्कचे पैसे नंतर घाला. डिस्कचं खरं काम उष्णता पोटात घेऊन ती हवेत सोडायचं आहे, म्हणजे चांगल्या डिस्कचा फायदा पहिल्या ब्रेकला नाही, सलग पाचव्या-सहाव्या ब्रेकला कळतो.

आता हिशोब बघा. माणसं आणि सामान धरून गाडी १३०० किलोची झाली तर ६० च्या स्पीडला तिच्यात साधारण १.८ लाख ज्यूल ऊर्जा असते, १०० ला ५ लाख आणि १२० ला ७.२ लाख. स्पीड दुप्पट तर ऊर्जा चौपट, समृद्धीवर १२० ने जाताना हे डोक्यात असू द्या. ही सगळी ऊर्जा ब्रेक दाबला की उष्णता होते आणि त्यातला अंदाजे सत्तर टक्के भाग पुढच्या दोन डिस्कवर येतो. पाचेक किलोची डिस्क असेल तर १०० वरून एकदा पूर्ण थांबल्यावर ती सत्तर-ऐंशी अंशांनी तापते. एकदा थांबलात तर काहीच नाही, पण लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साडेपाचशे मीटर खाली येते, ती ऊर्जा होते ७० लाख ज्यूल, म्हणजे शंभरवरून चौदा वेळा थांबल्याएवढी. थोडी हवा खाते, थोडी इंजिन खातं जर तुम्ही खालच्या गिअरवर असाल तर, उरलेली सगळी डिस्कवर. साधे पॅड तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे पकड सोडायला लागतात, कुंभार्लीत माझं तेच झालं होतं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. पेडल कडक आहे पण गाडी धरत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ पडून खाली जातंय तर पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालीये, आणि हे जास्त धोक्याचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आपल्या कोकणच्या पावसात तर विचारूच नका. डॉट ३ ग्रेडचं ऑइल नवीन असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० वर येते, डॉट ४ चं हेच २३० आणि १५५. म्हणून माझं स्पष्ट मत, कुठलीही डिस्क घ्यायच्या आधी जुनं ऑइल पूर्ण काढून डॉट ४ भरा आणि दर दोन वर्षांनी बदला, सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. फक्त डॉट ५ नावाचं सिलिकॉनवालं चुकून घेऊ नका, ते यात मिसळायचं नसतं. पंधरा वर्षांचे रबरी होज पण त्याच वेळी बदलून टाका, ते आतून फुगतात.

आता डिस्क कुठली घ्यायची. घाटातल्या त्या प्रकारानंतर एका दुकानात मला "रेसिंगच्या आहेत" म्हणून भोकं पाडलेल्या डिस्क गळ्यात मारल्या आणि मी पण दिसायला भारी म्हणून घेतल्या. वर्षभराच्या आत चाक काढून बॅटरीच्या उजेडात बघितलं तर एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत केसासारखी बारीक तडे गेलेली रेष, नख फिरवलं की नखाला लागत होती. लोखंड कमी केलं की उष्णता साठवायला जागा कमी आणि प्रत्येक भोक म्हणजे तडा जायला आयती सुरुवात. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघायचा त्याला वाट म्हणून ही भोकं आली होती, आजच्या पॅडला त्याची तेवढी गरज उरलेली नाही. खाचा पाडलेल्या डिस्क त्यापेक्षा बऱ्या, पण पॅड लवकर खातात आणि घूंघूं आवाज करतात. रस्त्यावरच्या गाडीला साधी, भरीव तोंडाची, मधून हवा खेळणारी, चांगल्या कंपनीची डिस्क घ्या. हाय कार्बनवाली मिळाली तर अजून छान, ती उष्णतेचे झटके जास्त सोसते.

मोठ्या डिस्कचा मोह सगळ्यांना होतो. पण मोठी डिस्क म्हणजे कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट बदलणं आलं, मधल्या भोकाचं माप, नटांचं माप, डिस्कच्या टोपीची (मधल्या उंच भागाची) उंची हे सगळं जुळवणं आलं, १४ इंची रिममध्ये ती मावायला पाहिजे आणि स्टेपनी लहान असेल तर ती पण त्यावर बसायला पाहिजे, हे शेवटचं लोक पंक्चर झाल्यावर शोधून काढतात. कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला तर पेडलखाली ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच असल्याने पेडल खोल जातं. शिवाय पुढचा ब्रेक वाढला आणि मागे तेच ड्रम, तर पुढची चाकं आधी लॉक होणार आणि पुढचं चाक लॉक झालं की स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पण आहेच, कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल केले तर पासिंगला आणि इन्शुरन्स क्लेमला अडचण येऊ शकते. म्हणून माझा सल्ला, माप मूळचंच ठेवा आणि दर्जा वाढवा.

जुन्या डिस्कचं माप आधी घ्या. डिस्कच्या कडेला किंवा टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, गंज असेल तर वायर ब्रशने घासा म्हणजे दिसेल. व्हर्नियरने मोजू नका, कडेला न झिजलेला उंच काठ राहतो आणि व्हर्नियर त्यावरच टेकून जाडी जास्त दाखवतं, मायक्रोमीटर वापरा आणि सात-आठ ठिकाणी मोजा. माझी मर्यादा १८ मिमी होती आणि डिस्क भरली १७.६. लेथवर मारून घेऊ म्हणणारे भेटतील, पण २० मिमीची हवेशीर डिस्क म्हणजे २० मिमी लोखंड नव्हे, मधे पोकळी असते आणि दोन्ही बाजूच्या प्लेटी जेमतेम सहा-सात मिमीच्या, त्यातला एकेक मिमी गेला की उष्णता झेलणारं लोखंडच गेलं. जोडी तर दोन्ही बाजूंची एकत्रच बदलायची, आणि नवीन डिस्कवर जुने पॅड चढवायचे नाहीत. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसला सगळं मिळतं, पक्कं बिल घ्या, डुप्लिकेट माल भरपूर आहे.

कामाला सपाट जागा बघा, मागच्या चाकांना दगड लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा आणि गाडी जॅक स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवून काम अजिबात करायचं नाही. कॅलिपर सोडवला की तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका. नंतर ब्रॅकेटचे दोन बोल्ट, ते घट्ट असतात, मोठा रॉड लागेल. डिस्क गंजून हबला (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागाला) चिकटलेली असेल तर हातोडा मारत बसू नका, त्यामुळे बेअरिंग जातं. मारुतीच्या डिस्कवर दोन आटेवाली भोकं असतात, त्यात ८ मिमीचे दोन बोल्ट आलटून पालटून अर्धा अर्धा आटा पिळा, डिस्क "टक्" करून आपोआप सुटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जे गॅरेजमध्ये घाईत राहून जातं. डिस्क निघाल्यावर हबचं तोंड बघा, लालसर गंजाचे पापुद्रे दिसतील. ते वायर ब्रश आणि एमरी पेपरने लोखंड चमकेपर्यंत साफ करा, नटांच्या बोल्टच्या मुळाशी तर जास्तच, मी एका बाजूला वीस मिनिटं घालवली. तिथे गंजाचा एक कण जरी राहिला तरी डिस्क एवढीशी तिरकी बसते, बाहेरच्या काठाला ते वाढून दिसतं आणि काही हजार किलोमीटरने शंभरवर ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरायला लागतं. मग लोक म्हणतात डिस्क वाकली, खरं तर ती तिरकी फिरून एकाच जागी झिजत गेलेली असते. डायल गेज (डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं माप) मिळालं तर सगळे नट लावून डिस्क फिरवून बघा, काटा ०.०५ मिमीच्या आत हलला तर उत्तम.

नवीन डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू पुसून काढा, रॉकेल डिझेल नको. आतल्या पात्या वाकड्या असतील तर डावी-उजवी वेगळी असते, बघून लावा. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉनचं ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन अडकते. पिस्टन मागे ढकलताना वरच्या टाकीतलं ऑइल वर येतं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, पेंट खातं. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, माझ्या चाकाच्या नटांना ८५ न्यूटन मीटर आहे, तुमच्या गाडीचं मॅन्युअलमध्ये बघा. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल चार-पाच वेळा पूर्ण कडक होईपर्यंत मारा, नाहीतर पहिल्या ब्रेकला पाय थेट फ्लोअरला जातो आणि समोर भिंत असते.

शेवटी नवीन पॅड डिस्कवर रुळवणं. पहाटे मोकळा सरळ रस्ता बघून ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा स्पीड उतरवा, मधे पूर्ण थांबायचं नाही, गरम पॅड एका जागी दाबून ठेवले तर त्यांचा थर तिथेच चिकटतो आणि नवीन डिस्क पण थरथरते. थोडा वास येईल, ते ठीक. मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून गार होऊ द्या आणि गार व्हायच्या आत पाणी मारू नका. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट परत आवळून बघा.

गेल्या मे महिन्यात तोच कुंभार्ली परत उतरलो, तितकीच माणसं, तितकंच सामान, पण दुसऱ्या गिअरवर, आणि पेडल सतत घासत न ठेवता वळणाआधी जोरात दाबून लगेच सोडत. खाली टपरीवर चहाला थांबलो, चाकापाशी वाकून बघितलं, वास नव्हता.