एमएस आणि व्यायाम : या चुका टाळा

फिजिओथेरपी करताना एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब होण्याचा आजार) पेशंटकडून त्याच त्या चुका इतक्यांदा बघितल्या की शेवटी लिहायलाच घेतलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घाबरून व्यायाम सोडणं. माझ्याकडे एक ताई यायच्या, सायकलवर जेमतेम पंधरा मिनिटं झाली आणि उजव्या डोळ्यापुढे धूसर झालं, म्हणाल्या एमएसचा अटॅक आला. पंखा लावला, मानेवर गार टॉवेल ठेवला, अर्ध्या तासात भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे त्यांनी स्वतः वाचून दाखवले. तरी घरच्यांनी पुढे सहा महिने त्यांना काही करू दिलं नाही, परत आल्या तेव्हा खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागत होते. मला अजून वाईट वाटतं, कारण असं होऊ शकतं हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. व्यायामानंतर नजर अशी धूसर होते हे उथॉफ नावाच्या डॉक्टरने 1890 मध्येच लिहून ठेवलंय, कारण पुढे कळलं: अंग तापलं की मायलिन (नसांवरचं आवरण) गेलेल्या नसांमधून संदेश नीट जात नाहीत, गार झालं की परत जायला लागतात, नवीन इजा होत नाही. आता मी वहीत वेळ लिहायला लावते, कधी सुरू झालं, कधी थांबलं. नवीन त्रास 24 तासांपेक्षा जास्त टिकला तर मात्र वाट बघू नका, न्यूरोलॉजिस्टला फोन करा.

दुसरी चूक, संशोधनाची नुसती हेडलाइन वाचणं. व्यायामाने एमएस बरा होतो असं कुठल्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. थकवा, ताकद, चालणं यात फायदा दिसतो, रिलॅप्स (आजाराचे नवे अटॅक) वाढताना दिसत नाहीत, पण बहुतेक अभ्यास छोटे, काही आठवड्यांचे आणि चालू शकणाऱ्यांवरचे. 2023 मध्ये प्रोग्रेसिव्ह (हळूहळू वाढत जाणाऱ्या) एमएसच्या 311 जणांवरची मोठी ट्रायल आली, त्यात 12 आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाने आणि मेंदूच्या ट्रेनिंगने विचारांचा वेग तुलनेच्या गटापेक्षा जास्त सुधारला नाही. म्हणून व्यायाम वाया गेला असं नाही, पण पेशंटला खोटी आशा दाखवू नका.

पहिल्याच आठवड्यात तासभर घाम गाळणाऱ्यांचं मला खरंच टेन्शन येतं. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी 2013 च्या कॅनडाच्या गाइडलाइनमध्ये आठवड्यातून दोनदा 30 मिनिटं एरोबिक आणि दोनदा ताकदीचे व्यायाम एवढंच सांगितलंय, आणि मी तर दहा मिनिटांपासूनच सुरू करते.

सारखं लघवीला जावं लागतं म्हणून पाणी तोडू नका.

तोल जात असेल तर आधाराशिवाय उभं राहून व्यायाम नको, बसून करा.